फक्त डावीकडे वळणारी बोट : घरी बांधलेल्या हायड्रोप्लेनचा वापरानंतरचा अनुभव

धुळ्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याशी माझं सध्या बोलणं बंद आहे. कारण काय, तर वीतभर ॲल्युमिनियमची पट्टी. ती वाकली नसती तर हे लिहायला बसलोच नसतो, कारण बाकी बोटीबद्दल तक्रार करण्यासारखं फारसं नाही.

बोट नेहमीच्या हायड्रोप्लेनसारखीच, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून जेमतेम टेकत पळणारी शर्यतीची नाव. दहा फुटी, पुढे दोन स्पॉन्सन (दोन्ही बाजूंचे पाण्याला टेकणारे भाग), मागे प्रॉपेलर, आयएस 710 छापाचं मरीन प्लाय, इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) आणि मागे टांगायचं एक जुनं 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. शहाद्यात अंगणात बांधली, तापीवर सारंगखेड्याच्या बॅरेजच्या फुगवट्यात चालवतो. दत्तजयंतीला तिथे घोडेबाजार भरतो. त्या दिवसांत ट्रेलर घेऊन तिकडे फिरकू नका.

आता फिन, म्हणजे तीच वीतभर पट्टी. डाव्या स्पॉन्सनच्या आतल्या बाजूला ती उभी बोल्ट केलेली असते. ती नसेल तर स्टिअरिंग फिरवल्यावर बोटीचं तोंड वळतं, बोट मात्र आहे त्याच दिशेला घसरत राहते. वेगात असताना तिचं पाण्यात उरतंच काय? स्पॉन्सनच्या बुडाचे दोन तुकडे आणि अर्धा प्रॉपेलर. पाण्याला धरून ठेवते ती ही एकटी पट्टी. शर्यतीची वळणं डावीकडची, म्हणून फिनही डावीकडेच. उजवीकडे जोरात वळाल तर फिन बाहेरच्या अंगाला येते, बोट तिच्यावरच अडखळते आणि पलटी खाते. त्यामुळे आमची स्वारी घाण्याच्या बैलासारखी एकाच बाजूने फिरते. नदीच्या पात्रात हे किती गैरसोयीचं आहे ते उजव्या काठाला लागायची वेळ आली की कळतं. वेग पूर्ण सोडायचा, बोट पाण्यात बसू द्यायची, मग हळूच वळायचं.

हिशोब करून बघा. बोट, इंजिन आणि मी मिळून 180 किलो. ताशी 50 किलोमीटरने 30 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आडवा जोर शंभर किलोच्या वर जातो, आणि त्यातला बहुतेक सगळा या पट्टीवर. म्हणून मी फॅब्रिकेशनवाल्याला स्पष्ट सांगितलं होतं, 6061-टी6 दे, म्हणजे कडक जातीचं ॲल्युमिनियम, सहा मिलिमीटर. त्याने पट्टी दिली ती सहा मिलिमीटरचीच, पण भांड्याच्या जातीच्या मऊ ॲल्युमिनियमची. बिल मात्र 6061 चं. दोन महिन्यांत खालचं टोक बाहेर कललं. दाखवायला गेलो तर म्हणतो, "शेठ, तुम्हीच कुठेतरी ठोकली असणार." दगडावर ठोकली असती तर धारेला दाते पडले असते. धार अजून पातीसारखी आहे, हे त्याला दाखवलं. त्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं.

बांधणीचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या मे महिन्यात इपॉक्सीला हात लावायचा तर पहाटे. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, आणि मगात घट्ट साठवून ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. पसरट ट्रेमध्ये ओता. डेकला गडद रंग देऊ नका. घरगुती तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी खानदेशी उन्हात तापलेल्या काळ्या डेकवर मऊ पडू शकतं. माझा डेक पांढरा आहे, दिसायला दूधगाडी, पण टणक. स्पॉन्सनच्या बुडाची मागची कड मात्र गोल करू नका, मारे हात फिरवून छान वाटली तरी. पाणी तिथून तुटून सुटलं पाहिजे. मागच्या बुडालाही सरळ पट्टी लावून बघा. बाहेर फुगवटा राहिला तर बोट नाक वरखाली आपटत पळते.

प्रॉपेलर अर्धा पाण्याबाहेर ठेवून पळायची युक्ती जुनीच. टेड जोन्सने आखलेल्या स्लो-मो-शन फोर या हायड्रोप्लेनने 1950 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी 160 मैलांचा टप्पा ओलांडला तो तिच्याच जोरावर. आपल्या साध्या इंजिनाची अडचण अशी की थंडाव्याचं पाणी घ्यायची भोकं प्रॉपेलरच्या वर असतात. इंजिन उचललं की वेग वाढतो आणि भोकं हवा प्यायला लागतात. मी ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीवर, इंजिनाखाली पाव-पाव इंचाच्या पट्ट्या टाकत गेलो आणि इंजिनातून मागे पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली तिथून एक पट्टी काढली. जलपर्णीचा तुकडा अडकला तरी हीच धार आधी सांगते. तेल टीसी-डब्ल्यू3 चंच घाला, ते पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं. बाइकचं टू-टी स्वस्त पडतं, पण ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी. मी काटकसरीचा माणूस आहे, तरी इथे नाही.

समोरून वारा असेल तर गुडघ्यांवर पुढे सरका. नाक उचललं की बुडाखालची हवा बोट उलथवते. वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड बोट 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडमधल्या कोनिस्टन तलावावर अशीच उडाली, त्यात तो गेला. तिथे जेट इंजिन आणि ताशी 300 मैल होते, इथे 15 हॉर्सपॉवर आहे. पण किल स्विचची (माणूस फेकला गेला की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला बांधल्याशिवाय मी स्टार्टरची दोरी ओढत नाही. काठावरचे एक मासेवाले काका पहिल्याच दिवशी विचारत होते, "दादा, हाई नाव तरस का उडस?" खरं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं रविवारी सकाळनंतरचं.

पाणी उतरलंय आणि पात्रात बुडालेल्या बाभळीचे बुंधे वर आलेत. डाव्या वळणात एकावर फिन बसली. धक्का असा की छाती स्टिअरिंगवर आली. काठाला लावून बघितलं तर पट्टी पार मागे दुमडलेली, एक बोल्ट सैल, आणि स्पॉन्सनला ओरखडाही नाही. सांध्यावर नख फिरवून पाहिलं, इपॉक्सीला केसाएवढी चीर नाही. कडक 6061 इतकी दुमडली नसती. तिने बोल्टांसकट स्पॉन्सनची भिंत उपटून नेली असती, आणि मी पुन्हा अंगणात, पहाटे, ट्रे घेऊन.

म्हणून मत बदललं आहे. खोल, स्वच्छ पाणी असेल त्यांनी कडक फिन लावावी. तापीवर उन्हाळ्यात मऊ पट्टी बरी. वळणात थोडी लवते, पण गेली तर ती पट्टीच जाते, बाकी काही नाही. कडक फिनच हवी असेल तर बोल्ट तरी बारीक घाला, म्हणजे आधी ते तुटतील. मी मऊ जातीच्या दोन पट्ट्या सुरतेहून मागवल्या आहेत, एक लावायला, एक डब्यात.

धुळ्याच्या बिलातला फरक मात्र सोडणार नाही. पट्टी चांगली निघाली हा त्याचा गुण नव्हे. पैसे 6061 चे घेतले आहेत.