गाउटचं जेवण: सगळं वर्ज्य, थोडं मांस, की अंडी-दूध-डाळी?

गाउटनं, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजारानं, वडिलांच्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा घाबरून आम्ही घरातली निम्मी बाजारयादी खोडून टाकली. डाळ बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद, मांस-मासे तर बंदच. ताटात उरल्या उकडलेल्या भाज्या. महिन्याभरात वडिलांचं जेवण अर्ध्यावर आलं आणि आजारापेक्षा त्या जेवणानंच ते जास्त खचले. त्यानंतर आम्ही आणखी दोन पद्धती करून पाहिल्या. आता तुमच्या घरी हाच प्रश्न पडला असेल, तर तिन्हींबद्दल सांगते.

पहिली पद्धत, म्हणजे सरसकट सगळं बंद करणं, मी कुणालाही सुचवणार नाही. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४७,१५० पुरुषांची १२ वर्षं नोंद ठेवली होती. मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये गाउट जास्त आढळला, पण प्युरिन (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं तो अन्नातला घटक) असलेल्या भाज्या खाणाऱ्यांमध्ये तो वाढलेला दिसला नाही. म्हणजे पालक आणि फ्लॉवर आम्ही उगाचच तोडले होते. शिवाय उपाशी राहून वजन झपाट्यानं उतरलं, तरी युरिक ॲसिड वाढतं आणि गाउटचा झटका येऊ शकतो.

दुसरी पद्धत मांस सोडवत नाही अशांसाठी. यात कलेजी आणि इतर अवयवांचं मांस, सार्डिन, अँचोव्ही हे छोटे मासे पूर्ण बंद. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत ३०० मिलिग्रॅमच्या वर प्युरिन असतं, छातीच्या मांसात साधारण १४०. म्हणून छातीचे छोटे तुकडे, आठवड्यातून दोनदा, भाजीत मिसळून. प्युरिन पाण्यात उतरतं, त्यामुळे मांस आधी भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. चुकते ती नेमकी हीच पायरी. तोच रस्सा पौष्टिक समजून आजारी माणसाला वाटीभर पाजला जातो.

पण पाणी ओतलं की चवही जाते, आणि त्याला कारण आहे. मांसाच्या रश्श्यात जिभेवर रेंगाळणारी जी भरदार चव असते, तिच्यात इनोसिनेटचा मोठा वाटा असतो, आणि इनोसिनेट हे स्वतःच प्युरिन आहे. वाळवलेल्या शिताके मशरूमची चव ग्वानिलेटची, तेही प्युरिनच. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचंही (खमिराच्या अर्काचंही) तसंच. मांसाऐवजी म्हणून सुक्या मशरूमचा किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा अर्क घालणारे नकळत तिथेच परत येतात.

मात्र तशीच चव देणारा आणखी एक पदार्थ आहे, ग्लुटामेट. हे अमिनो आम्ल आहे, प्युरिनशी त्याचा संबंध नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये ते समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळं केलं. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरवलेल्या कडक चीजमध्ये ते भरपूर असतं. तिसरी पद्धत उभी आहे ती याच आधारावर.

तिच्यात प्रथिनं अंडी, दूध, दही, पनीर आणि माफक डाळींतून घ्यायची. अंडी आणि दुधात प्युरिन जवळजवळ नसतंच, आणि त्याच अभ्यासात कमी स्निग्धांशाचं दूध-दही खाणाऱ्यांमध्ये गाउट कमी आढळला. चवीसाठी मी हे करते: दोन मोठे कांदे पातळ चिरून, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर अर्धा तास. तळाला तपकिरी थर धरला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडायचा आणि कांद्यात मुरवायचा, असं तीन-चार वेळा. मग लसूण, वाटलेला टोमॅटो, आणि तो गडद लाल होऊन कडेनं तेल सुटेपर्यंत परतणं. त्यात उकडलेली अंडी अर्धी करून सोडायची, वरून थोडं कडक चीज किसायचं. वडिलांनी पहिल्या दिवशी ताट पुसून खाल्लं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा माझं मत तिसऱ्या पद्धतीकडे. मांसाशिवाय घास उतरत नसेल, तर दुसरी पद्धत याच मसाल्यात बसवा. उकळून फिक्या झालेल्या मांसाला त्यानं चव येते. काही जणांना टोमॅटोनंतर त्रास होतो. तुमचं तसं असेल, तर टोमॅटो वगळून कांदा आणि चीज वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर दूध, चीज, टोमॅटो किती चालेल हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुठलीही पद्धत निवडली तरी बिअर आणि साखरेची पेयं बंदच हवीत. फ्रुक्टोजमध्ये प्युरिन नसतं, पण यकृत ते वापरताना युरिक ॲसिड तयार होतं.

एक आकडा मात्र आधीच मनाशी धरा. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींतून येतं, अन्नातून नाही. काटेकोर पथ्यानंही रक्तातलं त्याचं प्रमाण दर डेसिलिटरला साधारण १ मिलिग्रॅमनं उतरतं. उपचारात ते ६ च्या खाली आणायचं असतं. रिपोर्टमध्ये ९ असेल, तर जेवण कितीही नीट जमलं तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका.