पॉवरडीएनएस-ॲडमिन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्या दुसऱ्या बटणाविषयी

डोमेन-नोंदणी आणि डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) एकाच जागी सांभाळणाऱ्या आमच्या जुन्या सशुल्क पॅनेलचे भाडे नूतनीकरणाच्या वेळी एकदम वाढले. ते डॉलरमध्ये असल्यामुळे सांगलीतल्या शाळा, पतसंस्था आणि हळदीचे अडते अशा आमच्या ग्राहकांकडून ही वाढ वसूल होणे अशक्य होते. म्हणून नोंदणी रिसेलरच्या (डोमेन पुढे विकणाऱ्या मध्यस्थाच्या) पॅनेलवर तशीच राहू दिली आणि डीएनएस स्वतःच्या सर्व्हरवर आणले. त्यासाठी पॉवरडीएनएस हा डीएनएस-सर्व्हर आणि त्यावर पॉवरडीएनएस-ॲडमिन हे त्याचे वेब-पॅनेल ही जोडी निवडली. दोन्ही मुक्त-स्रोत आहेत. खर्च येतो तो दोन लहान व्हीपीएसचा, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरांचा.

उभारणीत वेळ गेला तो किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत. उबंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (त्याची स्वतःची डीएनएस-सेवा) १२७.०.०.५३ या पत्त्यावर ५३ क्रमांकाचे, म्हणजे डीएनएसचे, पोर्ट आधीच धरून बसलेला असतो, त्यामुळे सगळ्या पत्त्यांवर ऐकू पाहणारा पॉवरडीएनएस सुरूच होत नाही. पॉवरडीएनएसच्या लोकल-ॲड्रेस या सेटिंगमध्ये सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता स्पष्ट लिहिला की हा प्रश्न सुटतो. पॅनेल डॉकरमध्ये, म्हणजे बाकी सर्व्हरपासून अलग ठेवलेल्या कंटेनरमध्ये, चालवले तर त्याच्या दृष्टीने १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, सर्व्हर नव्हे. त्यामुळे पॉवरडीएनएसचा एपीआय (पॅनेल ज्यातून त्याला आज्ञा देते तो दुवा) ८०८१ पोर्टवर चालू करून भागत नाही. तो डॉकरच्या नेटवर्कला पोहोचेल अशा पत्त्यावर ठेवावा लागतो आणि वेबसर्व्हर-अलाऊ-फ्रॉम या परवानगीच्या यादीत त्या नेटवर्कचा समावेश करावा लागतो. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी उरकावी. पॅनेलवर सर्वांत आधी जो खाते उघडतो तोच प्रशासक होतो आणि नवीन खाती उघडण्याची सोय मुळात चालूच असते. आपले खाते झाले की ती ताबडतोब बंद करावी.

आता त्या बटणाविषयी. एखादी डीएनएस-नोंद बदलून त्या ओळीतले सेव्ह दाबले की बदल पडद्यावर दिसतो, पण प्रत्यक्ष सर्व्हरवर काहीच घडलेले नसते. वरचे बदल लागू करण्याचे बटण वेगळे दाबावे लागते, त्यानंतर पुन्हा एकदा होकार द्यावा लागतो. आमच्याकडे असलेल्या आवृत्तीत मधेच टॅब बंद केला तरी ती हू की चू करत नाही. कार्यालयातल्या सहकाऱ्याने एका पतसंस्थेची एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणारी) ‘सेव्ह’ करून घरचा रस्ता धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा डिग या डीएनएस तपासणाऱ्या आज्ञेला विचारल्यावर उत्तरात जुनाच मेल-सर्व्हर येत होता. त्यानंतर कितीतरी दिवस या बटणाचे नाव निघाले की माझे डोके तापत असे, आणि पॅनेलच बदलावे इथपर्यंत मजल गेली होती. सेव्ह म्हटल्यावर सेव्ह व्हावे, एवढी साधी अपेक्षा होती.

मात्र मत बदलले ते एका शाळेचा मेल दुसऱ्या सेवेकडे हलवताना. जुन्या एमएक्स काढणे, नव्या घालणे, एसपीएफची (कोणते सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवू शकतात याची) टीएक्सटी नोंद बदलणे आणि डीकिमची (मेलवरची सही पडताळण्याची) लांबलचक किल्ली भरणे हे सारे ओळीओळीने मांडून, शांतपणे वाचून, मग एकाच वेळी लागू करता आले. प्रत्येक ओळ त्याच क्षणी लागू झाली असती, तर जुने एमएक्स गेले आहे आणि नवे अजून आलेले नाही अशा अर्धवट अवस्थेत झोन, म्हणजे त्या डोमेनच्या साऱ्या नोंदी, जगापुढे उघडा पडला असता. शिवाय एकदा लागू केल्यावर एसओए नोंदीतला अनुक्रमांक (झोनची आवृत्ती सांगणारा) एकदाच वाढतो आणि झोनची प्रत ठेवणाऱ्या दुय्यम सर्व्हरला तेवढीच सूचना जाते. म्हणजे दोन टप्प्यांची ही रीत डीएनएसच्या कामाला योग्यच आहे. टॅब बंद करताना इशारा नसणे ही चूक मात्र मी अजूनही माफ केलेली नाही.

दुय्यम सर्व्हरचा विषय निघालाच आहे, तर झोन तयार करताना प्रकार नीट पाहावा. नेटिव्ह निवडला तर पॉवरडीएनएस सूचना पाठवतच नाही, कारण त्या प्रकारात प्रतिलिपी डेटाबेसनेच करावी असे गृहीत धरलेले असते. आमच्यासारखी झोन-ट्रान्सफरवर (दुय्यम सर्व्हरने मुख्य सर्व्हरकडून झोन मागून घेण्यावर) चालणारी मांडणी असेल तर प्रायमरी हाच प्रकार हवा. तसेच एसओए-एडिट-एपीआय ही सेटिंग बंद ठेवू नये, नाहीतर अनुक्रमांक जागचा हलत नाही आणि दुय्यम सर्व्हर जुन्याच नोंदी देत राहतो.

रिसेलरच्या मदतकक्षाचा अनुभव मात्र वैतागवाणा होता. आमच्या नेमसर्व्हरांची (डोमेनची डीएनएस-उत्तरे देणाऱ्या सर्व्हरांची) नावे आमच्याच डोमेनखाली असल्यामुळे त्यांचे आयपी पत्ते रजिस्ट्रीकडे (डोमेनची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) ग्लू म्हणून नोंदवणे आवश्यक होते, नाहीतर ते नेमसर्व्हर सापडणारच नाहीत. समोरून मात्र ‘नेमसर्व्हर बदला आणि ४८ तास थांबा’ हे एकच छापील उत्तर येत राहिले. शेवटी ती सोय त्यांच्याच पॅनेलच्या एका आडबाजूच्या पानावर सापडली आणि मदतकक्षाची गरजच उरली नाही.

पॉवरडीएनएस-ॲडमिन डोमेन नोंदवत नाही आणि कोणते डोमेन कधी संपणार हेही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे मुदतींची नोंद आम्ही अजून एक्सेलमध्येच ठेवतो आणि दर सोमवारी ती उघडून पाहतो. जुन्या पॅनेलची वर्गणी या महिन्यात बंद केली. फक्त आता सहकाऱ्याच्या मॉनिटरवर, मोठ्या अक्षरांत, ‘वरचे बटण दाबले का?’ अशी चिठ्ठी लावलेली आहे.