‘पहिली’मधला ल

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही. बावीस पुस्तकांचे मी अठरा हजार रुपये मोजले. त्यातली एकवीस रद्दीवाल्यानं वजनावर घेतली असती. पैसे गेले ते एका कादंबरीपायी, आणि देताना मी मनातल्या मनात हसत होतो, कारण समोरच्या पोराला आपण काय विकतोय ते कळत नाही अशी माझी खात्री होती.

कादंबरीचं नाव देत नाही. पोलिसांत अर्ज पडून आहे, आणि नाव दिलं की सगळी चर्चा त्या कादंबरीवरच होणार. मराठी, १९५८ची, वाचणाऱ्या घरांतून हमखास सापडणारी, एवढं पुरे.

मी बँकेतून निवृत्त. जन्म बडोद्याचा, दांडिया बाजारातला. तीसेक वर्षं मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवतोय. आमच्या गावात जुनं मराठी पुस्तक निघतं ते बहुधा दोन जागांहून. एक म्हणजे मोडीत निघालेले वाडे, जिथं सयाजी साहित्यमालेच्या (बडोदा संस्थानानं काढलेल्या ग्रंथमालेच्या) पुस्तकांवर पितळी भांडी रचलेली असतात. दुसरी म्हणजे ग्रंथालयातून बाद झालेल्या प्रती. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, त्याचा आम्हा संग्राहकांना झालेला तोटा असा की इथलं निम्मं चांगलं पुस्तक शिक्के मारलेलं, रेक्झिनमध्ये बांधलेलं आणि कडा कापलेलं मिळतं. त्यामुळे बिनशिक्क्याची, मूळ पुठ्ठ्यातली प्रत दिसली की माझा श्वास जरा अडकतोच. हे त्या पोराला कुणीतरी सांगितलं असणार.

पोरगा पंचविशीचा. ओळखीच्या ओळखीतून फोन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कापडी पिशवी घेऊन हजर. “काका, आजोबा शिक्षक होते. वाडा पाडतायत. बाबा म्हणाले रद्दीत घाल, पण माझा जीव होईना.” मराठी स्वच्छ, वागणं गरीब. हिनं चहा टाकला. मी टीपॉयवर पुस्तकं मांडत गेलो. पानं सुटलेलं गीतारहस्य, दोन-तीन शब्दकोश, कडा खाल्लेले दिवाळी अंक, पाकक्रिया. आणि मधोमध, तेराव्या की चौदाव्या नंबरला, ती.

वेष्टन नव्हतं. पहिल्या पानावर निळ्याकाळ्या शाईत आजोबांची सही, खाली १९५९. उलटलं, शीर्षकाचं पान. त्याच्या पाठीमागे छापलेलं : पहिली आवृत्ती १९५८.

इथं मी काय केलं ते नीट वाचा, सगळी गोम इथंच आहे. मी ते पान जेमतेम तीन सेकंद बघितलं, पुस्तक मिटलं आणि ढिगात परत ठेवलं. पुढचं पाकक्रियेचं पुस्तक मात्र पाच मिनिटं चाळलं. का? तर पोराला संशय येऊ नये म्हणून. चेहरा कोरा ठेवायच्या नादात, जे पुस्तक तपासायचं होतं तेवढं एकच मी तपासलं नाही. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या, त्याही भिंगातून.

मग घासाघीस. मी म्हटलं, सगळ्याचे चार हजार. तो म्हणाला, “काका, इंदूरचे एक गृहस्थ दहा म्हणतायत, पण त्यांना रविवारी येऊन एकेक पुस्तक बघायचंय.” एकेक पुस्तक बघणारा माणूस येणार म्हटल्यावर मी स्वतःहून बारावर गेलो. तेव्हा त्यानं हळूच तीच कादंबरी ढिगातून उचलली. “हे एक मी ठेवू का? आजोबांची सही आहे.”

त्याची खरी कारागिरी ही! माझे हातपाय गार पडले. मी चक्क आवाज चढवून म्हणालो, “असं नाही चालत, लॉट म्हणजे लॉट.” पोरगा हिरमुसला. हिरमुसल्या चेहऱ्यानंच अठरा म्हणाला. बाबांना रोख हवेत म्हणाला. मी पायांत चपला सरकवून एटीएमला गेलो, आणि परत येताना त्याच्यासाठी शेव-उसळ बांधून आणली. खाऊन गेला.

दहाएक दिवसांनी पुस्तकाचा कणा सैल वाटला म्हणून रावपुऱ्यातल्या बाइंडरचाचांकडे नेलं. माणूस सत्तरीचा, बोटांना कायम खळ लागलेली. पुस्तक हातात घेतलं की ते वाचत नाहीत, मधून दाबून उघडतात आणि शिवण बघतात. त्यांनी पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्यांतून झालेला आणि एकत्र शिवलेला पानांचा गठ्ठा, उलगडला, एका पानावर नख फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “साहेब, आ पानुं पाछळथी चोंटाडेलुं छे.” म्हणजे, हे पान मागाहून चिकटवलेलं आहे.

मी म्हटलं, चाचा, जुनं पुस्तक आहे, कुणीतरी डागडुजी केली असेल. त्यांनी वाद घातला नाही. एक कोरा कागद घेऊन घडी घातली, परत घातली, परत घातली. सोळा पानांचा फर्मा म्हणजे आठ पत्रं (पत्र म्हणजे पुढचं-मागचं पान मिळून एक कागद), आणि ती चार जोड्यांत असतात. पहिल्या पत्राचं दुसरं टोक म्हणजे आठवं, दुसऱ्याचं सातवं. म्हणजे पान ३-४ आणि पान १३-१४ हा एकच सलग कागद, मधून दोरा गेलेला. माझ्या प्रतीत १३-१४चं पत्र दोऱ्याखालून अलीकडे येत होतं ते जेमतेम अर्ध्या बोटाची पट्टी होऊन संपत होतं. ब्लेडनं कापलेली सरळ कड. त्या पट्टीवर नवं ३-४ खळीनं बसवलेलं. आणि ३-४ म्हणजेच शीर्षकाचं पान आणि त्यामागची ती ‘पहिली आवृत्ती’.

मग चाचांनी माझं बोट धरून पान १५च्या पाठीवरून फिरवलं. बारीक खरखर लागली, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत शिसं कागदात रुततं त्याची. तेच बोट पान ४वर आणलं. गुळगुळीत. कागद जुनाच होता, पिवळेपणाही जुळत होता. कुठल्यातरी जुन्या पुस्तकाचं कोरं पान काढून लेझर प्रिंटरमधून काढलेलं असणार.

घरी येऊन दिव्याखाली बसलो. आता लपवायला समोर कुणी नव्हतं. तासाभरात ते पुस्तक इतकं बडबडलं की माझी मलाच लाज वाटली.

सगळ्यात आधी दिसला तो ल. जुन्या मराठी खिळ्यांत ल पाकळीचा असतो, दोन फुगीर पाकळ्या आणि मधे देठ. हिंदीत तो दांड्याचा, उजवीकडे उभी रेघ असलेला. माझ्या प्रतीत अडीचशे पानं पाकळीचा ल, आणि या एकाच पानावर दांड्याचा. तोही नेमका ‘पहिली’ या शब्दात. (तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल तर तुम्हालाही बहुधा दांड्याचाच दिसत असेल. संगणकाच्या बहुतेक फॉण्टांत तोच असतो, आणि त्या कारागिरानं तसाच फॉण्ट वापरला होता.)

मग किंमत. ‘५ रुपये ५० पैसे’. रुपयाचे शंभर पैसे झाले १ एप्रिल १९५७ला, आणि जून १९६४पर्यंत त्यांना ‘नये पैसे’ म्हणत, कारण जुने चौसष्टचे पैसे लोकांच्या डोक्यातून गेले नव्हते. १९५८च्या पुस्तकावर नुसते ‘पैसे’ दिसले की थांबायला हवं होतं.

मग मुद्रक. पानावर मुद्रकाचं नावच नव्हतं. १८६७च्या कायद्यानं पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव छापणं बंधनकारक होतं, म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत अमुक प्रेस, अमुक पेठ हे येतंच. कारागिराला छापखान्याचं नाव शोधायचा कंटाळा आला असावा.

शुद्धलेखनाकडे तर मी बघायलाच हवं होतं, माझी आई मराठीची मास्तरीण. १९६२च्या नव्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘असें’ ठायी ठायी दिसतं. काही लेखक आधीपासून अनुस्वार गाळत, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण माझ्या प्रतीत औषधालासुद्धा असा एक अनुस्वार नव्हता.

आणि शेवटी शेवटचं पान. ‘आमची इतर प्रकाशने’. त्या यादीत एक कादंबरी होती, जी मी एफ.वाय.ला असताना, १९८१मध्ये, प्रसिद्ध झाल्या झाल्या खिशातल्या पैशांनी घेतली होती. अजून कपाटात आहे. म्हणजे ही प्रत १९८१नंतरचं पुनर्मुद्रण. आजोबांनी सही केली १९५९ला.

हे शेवटचं पान उघडायला दोन सेकंद लागले असते, आणि कुठला जाणकार लागला नसता. खोटं पान घालणारा एकच पान बदलतो. बाकीचं पुस्तक त्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला तसंच राहतं.

माझ्या फजितीनंतर दोघातिघांनी आपापल्या कथा सांगितल्या, त्यातलं कामाचं तेवढं लिहितो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर प्रत १५ ऑगस्ट १९७२च्या आधीची नाही, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. त्याआधी ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असे पत्ते असत. आयएसबीएन असेल तर १९७०च्या आधीची नाही, आणि तो तेरा आकडी असेल तर बहुधा २००७ किंवा नंतरची. प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक बिनदिक्कत ‘पहिली आवृत्ती’ छापतो, त्याच्या दृष्टीनं ती पहिलीच असते. ‘कोसला’ १९६३मध्ये देशमुख आणि कंपनीनं काढली. नंतर ती काढणाऱ्या पॉप्युलर प्रकाशनाची प्रत कितीही पिवळी पडलेली असो, ती पहिली नव्हे. एका मित्राला अशीच खपवली, त्यात कुणी खोटं पानसुद्धा घातलं नव्हतं.

इंग्रजीवाल्यांना वेगळा गळ टाकतात. तिथं कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असते आणि पुढच्या छपाईला सगळ्यात लहान आकडा काढतात, म्हणून १ दिसला की पहिली छपाई, असं सगळे पाठ करतात. पण रँडम हाउस बरीच वर्षं पहिल्या छपाईची ओळ २पासून सुरू करायचं आणि वर ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द छापायचं. दुसऱ्या छपाईत ते शब्द जायचे. हे अर्धवट ऐकलेल्या भाच्याला कुणीतरी ‘या प्रकाशकाचं २ म्हणजेच पहिली’ सांगून शब्द नसलेली प्रत दिली. ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’च्या बाबतीत तर दिल्लीच्या इंडियाइंकची १९९७ची प्रत बघायची सोडून लोक परदेशी जॅकेटला भुलतात. जॅकेटवर बुकर मिळाल्याचं छापलेलं असेल तर ती पहिली छपाई असूच शकत नाही, बुकर त्या वर्षी ऑक्टोबरात जाहीर झालं आणि पुस्तक त्याच्या कितीतरी आधी बाजारात होतं.

पोराचा फोन अर्थात बंद. त्यानं सांगितलेल्या गल्लीत वाडा पाडलेला होता हे खरं, पण शेजारच्या बाई म्हणाल्या, तिथं राहणारे गुजराती होते आणि त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. चौकीवरच्या हवालदारानं अर्ज वाचला, पुस्तक उलटसुलट केलं आणि अगदी मनापासून विचारलं, “साहेब, याचे अठरा हजार दिले कोणी?” मी म्हटलं, मीच. मग चारशे वीस लागेल ना, असं विचारलं, तर म्हणाला आता तीनशे अठरा म्हणायचं, कायदा बदललाय. पोच दिली. पुढे काही नाही. रोख दिलेले, पावती नाही, आणि ‘ही पहिली आवृत्ती आहे’ असं तो एकदाही तोंडानं बोललेला नाही. मीही विचारलं नव्हतं.

आणखी दोघांकडे तो गेला होता असं आता कळलंय, एक इथलेच, अलकापुरीतले, एक इंदूरचे. पुस्तकं वेगळी, पिशवी तीच, आणि अडून बसल्यासारखं करून “हे एक मी ठेवू का” हेही तेच. इंदूरच्यांना त्यानं बडोद्याचे एक गृहस्थ रविवारी येणार असल्याचं सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात चाचांकडून पुस्तक आणायला गेलो. ते पान काढून टाकू का, म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी जुनी खळ खरवडून ते नव्यानं, आधीपेक्षा घट्ट बसवून दिलं आणि बांधणीचे धरून ऐंशी रुपये घेतले. घरी येऊन मी पान ४च्या तळाशी, ‘पहिली’च्या बरोबर खाली, पेन्सिलीनं लिहून ठेवलं : हे पान खोटं. पाठीवर बोट फिरवून बघावं.