खोली, डॅक आणि लॅपटॉप: कॉम्प्युटरवरून स्ट्रीमिंग ऐकण्याचा काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परतता येईल. आवाजात जो फरक पडला, त्यातला सगळ्यात मोठा वाटा स्पीकरच्या जागेचा आणि एका मोजणीच्या माइकचा. त्याखालोखाल विंडोजमधल्या दोन-तीन सेटिंग्ज. महागडी यूएसबी केबल, 'ऑडिओसाठी खास' नेटवर्क स्विच आणि सर्व्हिसेस बंद करून हलकं केलेलं विंडोज यांचा वाटा शून्य.

साखळी साधी आहे. रोजच्या कामाचा विंडोज ११ चा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला बाहेरचा डॅक (डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र), आणि डॅकमधून थेट दोन ॲक्टिव्ह, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले, स्पीकर. वेगळा ॲम्प्लिफायर नाही. गाणी बहुतेक लॉसलेस, म्हणजे मूळ डेटा न गाळणाऱ्या, स्ट्रीमिंगवरून, थोडी हार्ड डिस्कवरच्या फ्लॅक फायलींमधून, त्याही लॉसलेसच.

विंडोजपासून सुरुवात करावी लागते, कारण गाणं डॅकपर्यंत पोहोचायच्या आधी विंडोजच्या मिक्सरमधून जातं. ब्राउझर, नोटिफिकेशनची टिंग, व्हिडिओ कॉल, गाणं, सगळं तिथे एकत्र होतं आणि एकाच ठरलेल्या सॅम्पल रेटने (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) बाहेर पडतं. हा रेट अनेकदा ४८ किलोहर्ट्झवर ठेवलेला असतो, आणि सीडीच्या दर्जाचं संगीत असतं ४४.१ चं. म्हणजे प्रत्येक गाण्याचे नमुने वाटेत नव्याने मोजले जातात. हल्ली हे रूपांतर काही वाईट होत नाही, पण ज्याची गरजच नाही ते होऊ द्यायचं कशाला? डॅकच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डिफॉल्ट फॉरमॅट २४ बिट, ४४.१ वर आणला. जवळच असलेली ऑडिओ एन्हान्समेंट्स आणि स्पेशियल साउंड ही दोन्ही बंद केली. एन्हान्समेंट्स बंद केल्याचा फरक कळायला तयार कान लागत नाहीत. गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येऊन बसतो आणि त्याच्याभोवतीचा फुगीरपणा जातो. मोठ्या अपडेटनंतर हे सेटिंग्जचं पान एकदा उघडून सगळं तसंच आहे ना ते बघायची सवय लावून घ्या.

पुढची पायरी वासापीचा एक्स्क्लुझिव्ह मोड. वासापी, म्हणजे ॲपकडून ऑडिओ पुढे नेणारी विंडोजची व्यवस्था, विस्टापासून आहे. हा मोड लावला की ॲप डॅकचा ताबा एकट्याकडे घेतं, मिक्सर बाजूला होतो आणि फाइलमधले बिट्स जसेच्या तसे डॅकला मिळतात. टायडल आणि कोबझ या स्ट्रीमिंग सेवांच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ही सोय सेटिंग्जमध्येच आहे, फूबार२००० या प्लेअरमध्येही आहे. ब्राउझरमधून वाजवलं तर ती मिळत नाही. डॅकवर सॅम्पल रेटचा आकडा दिसत असेल तर खात्री लगेच होते: ४४.१ चा अल्बम संपून ९६ चा सुरू झाला की आकडा बदलायला हवा. बदलला नाही तर मिक्सर अजून मध्येच आहे. एक गैरसोय मात्र होते. डॅक एका ॲपच्या ताब्यात असला की बाकी कशाचाच आवाज त्यातून येत नाही. गाण्याच्या वेळी मला ती सोयच वाटते.

आता किरकिरीबद्दल, कारण याने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक चिरचिर यायची, आणि माउस हलवला की तिचा सूर बदलायचा. पान वर-खाली केलं की वेगळाच सूर. चार्जर काढला की सगळं चिडीचूप. ही ग्राउंड लूपची लक्षणं आहेत. लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंग आणि स्पीकरची अर्थिंग यूएसबीच्या व सिग्नलच्या केबलमधून जोडली जाऊन एक वेटोळं तयार होतं, आणि त्यातून वाहणारा लॅपटॉपचा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो. डॅक कितीही भारी असला तरी याला इलाज नाही. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणल्यावर किरकिर कमी झाली. डॅक ते स्पीकर बॅलन्स्ड केबल (दोन तारांतून उलटसुलट सिग्नल नेऊन वाटेतला गोंगाट रद्द करणारी) टाकल्यावर गेलीच. तुमच्याकडे बॅलन्स्ड जोडणी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी, केबल वापरून बघा. त्यात तांब्याची तारच नसते, त्यामुळे वेटोळं तिथेच तुटतं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. किरकिर जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर करंट जमिनीकडे न जाता तुमच्याकडे येईल.

केबल आणि स्विचबद्दल थोडक्यातच. हल्लीचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात. घड्याळ डॅकमध्ये असतं आणि डेटा किती वेगाने हवा हे तो लॅपटॉपला कळवत राहतो. यूएसबीवरून ऑडिओ जाताना एखादं पॅकेट खराब झालं तर ते पुन्हा मागवलं जात नाही हे खरं, पण त्याचा परिणाम 'टिक' असा ऐकू येतो. 'आवाज जरा रुक्ष झाला', 'पडदा दूर झाला' असले परिणाम त्यातून होत नाहीत. स्ट्रीमिंगचं तर त्याहून सोपं: गाणं वाजत असताना नेटवर्कची केबल उपसून बघा. गाणं थोडा वेळ वाजतच राहतं, कारण तो भाग आधीच बफरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या साठ्यात, येऊन पडलेला असतो. जे वाजतंय ते केबलमधून येतच नाहीये, मग केबल त्याचा सूर बदलणार कसा?

मध्येच आवाज तुटण्याचा त्रास मात्र खरा होता. लॅटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवलं की कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतोय ते दिसतं. माझ्याकडे वाय-फायचा ड्रायव्हर निघाला. लॅनची केबल जोडून वाय-फाय बंद केलं, डॅक हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावला, आणि पॉवर सेटिंग्जमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद केलं. तेव्हापासून आवाज तुटलेला नाही.

तुलना करण्याआधी आवाजाची पातळी जुळवा. हे सांगून सांगून लोक कंटाळलेत, तरी करत कुणी नाही. स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय, गाणी साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणतं. दुसऱ्या सेवेवर ते बंद असेल तर तेच गाणं तिथे मोठं वाजतं, आणि जरासं मोठं वाजणारं आपल्याला हमखास 'जास्त मोकळं', 'जास्त डिटेल' वाटतं. मी १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरने डॅकच्या आउटपुटचा व्होल्टेज मोजतो आणि फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत आणतो. मग फूबारच्या एबीएक्समध्ये, म्हणजे कोणतं वाजतंय ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या चाचणीत, डोळे मिटून ऐकतो. ३२० केबीपीएसची दाबलेली फाइल आणि फ्लॅक यांतला फरक मला एखाद्या टाळ्यांच्या किंवा झांजांच्या तुकड्यात पकडता आला, बाकी ठिकाणी नाही. ४४.१ आणि ९६ यांच्यात कधीच नाही. तरी लॉसलेसचेच पैसे भरतो, कारण आवाजात काही उणं वाटलं की फाइलवर संशय घ्यायची सोय उरत नाही.

एवढं सगळं निस्तरलं तरी खर्ज गढूळच होता. तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते सर्वात स्पष्ट कळायचं. डग्ग्यावर मनगट सरकतं तसा सूर चढत जातो. तो चढता चढता एका ठिकाणी अचानक फुगायचा आणि पुढच्याच क्षणी दबून जायचा. वाजवणाऱ्याने तसं वाजवलेलं नाही, हे हेडफोन लावला की लगेच कळत होतं. म्हणजे दोष खोलीचा.

याचं गणित सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या लांबीत अडकून घुमणारी पहिली फ्रिक्वेन्सी मिळते. माझी खोली ४.३ मीटर लांब, म्हणजे ४० हर्ट्झ. बेस गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झची, अगदी तिच्या शेजारी. पुढचा घुमार ८० ला. भर म्हणजे बसायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, आणि हे सगळे घुमार भिंतीपाशीच सर्वात जोरात असतात.

मोजायला यूमिक-१ हा मोजणीचा माइक घेतला. त्या माइकसोबत त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे त्याच्या चुका भरून काढणारी फाइल, मिळते. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, लोक त्याला आरईडब्ल्यू म्हणतात, मोफत आहे. बसल्यावर कान जिथे येतो तिथे माइक ठेवायचा, खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा आणि आलेख बघायचा. आलेखात ४० हर्ट्झला ११ डेसिबलचा डोंगर होता. ८० ला लहान टेकडी. आणि १०० च्या आसपास खोल दरी. ही दरी लांबीच्या गणितात बसत नव्हती. ती स्पीकरमागच्या भिंतीने खणलेली होती. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ८५ सेंटीमीटरवर होता. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज जाऊन-येऊन १.७ मीटर जास्त चालतो. १०० हर्ट्झच्या लहरीची ही अर्धी लांबी, त्यामुळे परतणारी लहर मूळ लहरीला मारते.

असली दरी इक्वलायझरने (ठरावीक फ्रिक्वेन्सींचा आवाज कमी-जास्त करणारं साधन) भरायला जाऊ नये. तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच परत येऊन त्याला खाऊन टाकतं, आणि मध्ये ॲम्प्लिफायर उगाच राबतो. स्पीकर भिंतीला जमतील तितके चिकटवले, तशी दरी वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकली आणि उथळ झाली. त्यामुळे खर्ज एकूण वाढला, पण वाढलेलं कमी करणं सोपं असतं. खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढली, तेवढ्यानेच ४० चा डोंगर निम्म्यावर आला. एक पैसा खर्च नाही. पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेल्यावर खुर्चीतून जिथे स्पीकर दिसतो तिथे, शोषक पॅनल टांगली. त्याने गायकाची जागा आणखी पक्की झाली. उरलेले डोंगर इक्वलायझरने कापले, तेही फक्त २५० हर्ट्झच्या खाली. त्याच्या वर एका जागच्या मोजणीवर विसंबून फेरफार केले की आवाज पोकळ होतो. मी करून पाहिलं आणि काढून टाकलं.

इथे एक पेच आला. इक्वलायझर एपीओ हे उत्तम आणि मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरच्या वाटेवर बसून काम करतं. एक्स्क्लुझिव्ह मोड ती वाटच टाळतो, म्हणून तिथे त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे एकतर अस्पर्श बिट्स, नाहीतर सुधारलेली खोली. रूनसारखं गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर घेतलं तर त्याच्या आतच फिल्टर बसवता येतात आणि एक्स्क्लुझिव्ह मोडही राहतो, पण त्याचे वेगळे पैसे. मी एक्स्क्लुझिव्ह मोड सोडला. मिक्सर ४४.१ वरच आहे, त्यामुळे माझं बहुतेक संगीत रूपांतराशिवाय जातं. एखादा ९६ चा अल्बम ४४.१ वर उतरतो, आणि तो मला ओळखता येत नाही हे एबीएक्सने आधीच सांगून ठेवलंय. आवाज कमाल पातळीला भिडला की मिक्सरचा लिमिटर, म्हणजे जोराचा आवाज दाबणारा भाग, मध्ये येतो, म्हणून ॲपमधला आवाज थोडा खाली आणि स्पीकरचा तेवढाच वर ठेवलाय. बिट-परफेक्टचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांनी स्वतःच्या खोलीचा आलेख काढावा, मग बोलू.

लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर व्होल्युमिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, हेही चालवून बघितलं. त्याच डॅकवर, पातळी जुळवून, आवाज तोच. पंख्याचा आवाज नाही आणि फोनवरून गाणी लावता येतात, हे त्याचे खरे फायदे. लॅपटॉपवर काम करता करता ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही.

तक्रार एकच उरली आहे. ही सगळी दुरुस्ती एका खुर्चीची आहे. शेजारी बसणाऱ्याला ८० हर्ट्झ आता जरा कमीच ऐकू येतं. त्यासाठी तीन-चार जागी मोजून, त्यांची सरासरी काढून इक्वलायझरचा दुसरा प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग्जचा संच) केलाय. त्यात कापाकापी कमी आहे आणि डग्गा थोडा फुगतो. दोघं ऐकायला बसलो की तो लावतो, एकटा असलो की पहिला.