कांद्याच्या पट्टीचा हिशेब आणि आरस्पेक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझे मामा लासलगावला कांद्याची खरेदी करतात. शेतकऱ्यांना द्यायच्या हिशेबपट्ट्यांसाठी मी नाशिकहून त्यांना रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला आणि पहिल्या दिवसापासून त्याला आरस्पेकच्या चाचण्या जोडल्या. आरस्पेक म्हणजे रुबीतला कोड अपेक्षित उत्तर देतो का, हे आपोआप तपासणारे साधन.

मांडणीला अर्धा तासही लागला नाही. बंडलर या रुबीच्या साधनाकडून जेमफाइल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोड-लायब्रऱ्यांची यादी, करून घेतली, तीत आरस्पेकचे नाव घातले, आणि आरस्पेकच्या इनिट आज्ञेने चाचण्यांसाठीचे स्पेक फोल्डर व स्पेक हेल्पर ही सेटिंग्जची फाइल तयार झाली. रुबीबरोबर मिनिटेस्ट ही चाचण्यांची दुसरी लायब्ररी येतेच आणि तीही चांगली आहे. मात्र आरस्पेकमध्ये चाचणीचे नाव पूर्ण मराठी वाक्यात लिहिता येते, आणि डॉक्युमेंटेशन फॉरमॅट निवडला की ती वाक्ये ओळीने पडद्यावर उमटतात. मी ती मामांना वाचून दाखवली, तेव्हा ‘हमाली पोत्यांवर लागते’ या ओळीशी त्यांनी मला थांबवले, कारण ट्रॉलीतून मोकळ्या आलेल्या मालाची हमाली ते वजनावर धरतात. कोड वाचून त्यांना हे कधीच सांगता आले नसते.

दुसरी चूक चाचणीनेच पकडली. १.१ क्विंटलच्या तीन वजनांची बेरीज ३.३ यावी अशी अपेक्षा होती, तर उत्तर ३.३००००००००००००००३ आले. दशांश अपूर्णांक फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांक-प्रकारात, नेमके बसत नाहीत, म्हणून सगळा हिशेब दशांश नेमके ठेवणाऱ्या बिगडेसिमलवर नेला. रुबी ३.४ पासून बिगडेसिमलही जेमफाइलमध्ये लिहावे लागते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. चाचण्या उलटसुलट क्रमाने चालवण्याची सोय स्पेक हेल्परमध्ये लिहिलेली असते, परंतु ती टिप्पणीत (रुबी न चालवता सोडून देते त्या मजकुरात) झाकलेली असल्यामुळे माझ्या लक्षात चौथ्या महिन्यात आली. ती उघडताच महिनोन्महिने पास होणारी एक चाचणी कधी पास, कधी नापास होऊ लागली. प्रत्येक वेळी छापला जाणारा सीड क्रमांक, म्हणजे ज्यावरून तो क्रम ठरतो तो आकडा, परत दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो, आणि बायसेक्ट हा पर्याय वापरल्यावर आरस्पेकने स्वतःच गाळत गाळत दोनच चाचण्या समोर ठेवल्या : पहिली दरांच्या सामाईक हॅशमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या तक्त्यात) नवा दर घालून जात होती आणि दुसरी त्या दराने चुकत होती. त्या हॅशला मी फ्रीझ लावले, म्हणजे तो बदलता येणार नाही असा केला. आता कोणी तो बदलू पाहिला, तर चाचणी त्याच ओळीवर थांबते.