‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ शिकवताना गटेनबर्ग आणि लिब्रिव्हॉक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. जूनपासून दर शनिवारी अकरावीच्या मुलांबरोबर चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी वाचतोय. पुस्तक प्रोजेक्ट गटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवरून घेतलं, ध्वनिवाचन लिब्रिव्हॉक्स या बोलक्या पुस्तकांच्या साइटवरून. दोन्ही फुकट.

सुरुवात माझ्याच हातून चुकली. मुलांना सोपं जावं म्हणून सारांश देणाऱ्या एका साइटची लिंक ग्रुपवर टाकली. पंधरा दिवसांत पुस्तक उघडणंच थांबलं. कादंबरीचा नायक, छोटा पिप, पळालेल्या कैद्याला चोरून खायला का नेतो, याचं उत्तर सगळ्यांचं शब्दन्‌शब्द एकच, आणि त्या पोराची भीती एकाच्याही उत्तरात नाही. लिंक काढून टाकली.

मग कादंबरी जशी लोकांपुढे आली तशीच द्यायचं ठरवलं. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ती ‘ऑल द इयर राउंड’ या डिकन्सच्याच साप्ताहिकात ३६ हप्त्यांत आली. हप्ता कुठे थांबतो ते ‘डिकन्स जर्नल्स ऑनलाइन’वरच्या मूळ अंकांत पाहायचं आणि तेवढंच वाचायचं. गटेनबर्गची ईपब (ई-पुस्तकाची) फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. पावसात वीज आणि रेंज एकदमच जाते, तेव्हा याची किंमत कळते.

पहिल्याच पानावर इंग्लंडच्या केंट परगण्यातली दलदल आहे. शब्दकोशातल्या ‘दलदल’ने मुलांपुढे नुसता चिखल उभा राहिला. थेम्सच्या मुखाचा नकाशा दाखवला, कूलिंग गावच्या चर्चजवळच्या लहान मुलांच्या १३ थडग्यांचे फोटो दाखवले. कादंबरीत पिपच्या पाच भावांची थडगी आहेत, ती डिकन्सला इथंच सुचली असं मानतात. तरीही चित्र जुळेना. मी तो उतारा पुन्हा वाचला : सपाट ओसाड जमीन, तिला छेदणारे चर आणि बांध, चरणारी गुरं, पलीकडे नदी. झुआरी नदीकाठच्या गावातली एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर आमचं खाजन!” खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली गोव्यातली सखल जमीन. त्यानंतर धुकं, भरती, बांधावरून पळणारा पिप, काहीच समजावावं लागलं नाही.

लिब्रिव्हॉक्सवर वाचणारे स्वयंसेवक असतात, त्यामुळे आधी थोडं ऐकून मगच वाचन निवडा. सातव्या प्रकरणात पिप आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, जो या लोहाराला, पाटीवर पत्र लिहितो. ‘यू’साठी एकच अक्षर, शब्दांऐवजी ४ आणि २ हे आकडे. “सर, आम्ही मोबाइलवर असंच लिहितो!” मुलं हसली. पण अख्ख्या पत्रात जोला वाचता येतात ती फक्त आपल्या नावाची दोन अक्षरं, आणि तेवढ्यानंही तो हरखून जातो. ते ऐकताना वर्ग शांत झाला. सारांशात ही पाटी एका ओळीत उरकलेली होती.

सध्या २८वा हप्ता चालू आहे. डिकन्सने आधी लिहिलेला, पण छापण्यापूर्वी बदलून टाकलेला मूळ शेवट त्याचा मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात आहे, आणि ते चरित्रही गटेनबर्गवर मिळतं. दोन्ही शेवट छापून कपाटात ठेवलेत. मुलं रोज मागतात, पण ३६वा हप्ता होईपर्यंत मी ते देणार नाही.