दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन: सर्जन उत्तम, डिस्चार्ज घाईचा

पित्ताशयात खडे होते, पोटात सारखी कळ यायची, म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं. रुग्णालयाचं नाव देत नाही, अनुभव मात्र सविस्तर लिहिते.

सर्जन मॅडमनी आधी बसवून सगळं समजावलं, ही तिथली सगळ्यात मोठी जमेची बाजू. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, मग दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. बेंबीजवळचं छिद्र साधारण 10 मिलिमीटरचं, बाकीची बहुधा त्याहून लहान. भूल मात्र पूर्ण द्यावी लागते, म्हणून याला किरकोळ ऑपरेशन समजू नका. आत सूज फार असली किंवा पित्तनलिका नीट ओळखता आली नाही, तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागतं. तसं झालं तर ते अपयश नव्हे, नलिकेला इजा होऊ नये म्हणून घेतलेला निर्णय असतो. हे सगळं त्यांनी संमतीपत्र पुढे करण्याआधी सांगितलं. ही शक्यता जिथे बोललीच जात नाही, तिथे मी सही करणार नाही.

भूलतज्ज्ञांनीही चालू औषधांची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची, नीट चौकशी केली.

शुद्धीवर आल्यावर पोटाहून जास्त खांदा दुखत होता. राहिलेल्या गॅसमुळे पोट आणि छातीमधला पडदा चुरचुरतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. आधीच कल्पना दिली होती, म्हणून मी घाबरले नाही. सिस्टरनी लवकर उठवून चालवलंही. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते फार गरजेचं असतं.

नाराजी आहे ती डिस्चार्जबद्दल. कार्डावर फक्त गोळ्या आणि पुढच्या तपासणीची तारीख. ताप, वाढत जाणारं पोटदुखीचं प्रमाण, थांबत नसलेल्या उलट्या, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच यायचं, हे मला विचारून लिहून घ्यावं लागलं. पित्त आत गळत असेल तर त्याची लक्षणं पुष्कळदा घरी गेल्यावरच दिसतात. मग हे कार्डावर छापलेलं का नसावं? जड वजन कधीपासून उचलायचं, तेही मीच विचारलं. काढलेलं पित्ताशय तपासायला पाठवलं होतं, त्या रिपोर्टची आठवणसुद्धा कुणी केली नाही. तो मागून घ्या आणि पुढच्या भेटीत सर्जनना दाखवा.